जाहिरात डिलीट करण्याआधी

सोलापूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ३४, ग्रंथालयशास्त्रात पीएच.डी., एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अकरा महिन्यांच्या करारावर नोकरी. करार दर जूनमध्ये नव्याने होतो, निदान आतापर्यंत होत आला आहे. यजमान अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघतात. मुलगी तिसरीत आहे, सासूबाईंना शुगर आहे. ताईंच्या गाईडनी त्यांना एका जर्मन विद्यापीठाची जाहिरात पाठवली: पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या कामासाठीचा संशोधक, मुदत दोन वर्षं, विषय ‘लिंक्ड ओपन डेटा’, म्हणजे एकमेकांना जोडलेला खुला डेटा, लोकांना वापरता येईल असा करणं. अर्जाला पाच आठवडे उरलेत. ताई लिहितात:

“विषय वाचून बरं वाटलं, पण हे काम कॉम्प्युटरवाल्यांचं. मला कोडिंग येत नाही. मैत्रीण म्हणते, आता सगळं एआय करतंय, असल्या जुन्या विषयात कोण दोन वर्षं घालवतं? शिवाय परत येऊन पुन्हा करारावरच बसायचं असेल तर घर विस्कटून जायचं कशाला? सासूबाईंना आणि मुलीला सोडून जाणं हा स्वार्थीपणाच ना? घरात अजून कोणाशी बोलले नाही. अर्ज करू, की जाहिरात डिलीट करून टाकू?”

ताई,

पत्रातलं ‘मला कोडिंग येत नाही’ हे वाक्य सगळ्यात आधी घेते, कारण बाकीच्या शंका त्याच्याच आधाराने उभ्या आहेत असं मला वाटतं.

तुमच्या काउंटरवर एखादी मुलगी कवितासंग्रह मागायला येते तेव्हा ‘कुसुमाग्रज’ म्हणते, आणि नाटक हवं असलं की ‘वि. वा. शिरवाडकर’. दोघं एकच, हे तिला ठाऊक असेल किंवा नसेल, पण तालिकेला ठाऊक असावंच लागतं. पूर्वी त्यासाठी कार्डावर ‘पाहा’ अशी नोंद असायची, आता सॉफ्टवेअरमध्ये प्रमाणित नावांची फाइल असते. उलट एकाच नावाचे दोन लेखक निघाले तर जन्मसाल लावून तुम्ही त्यांना वेगळं ठेवता. कोणत्या दोन नोंदी एकाच गोष्टीच्या आणि कोणत्या नुसत्या सारख्या दिसणाऱ्या, हे ठरवण्यात तुमची उमेदीची वर्षं गेली आहेत. लिंक्ड डेटाचा गाभा हाच आहे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात सांगते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये या विषयाचे चार नियम मांडले. प्रत्येक गोष्टीला, मग ते गाव असो, माणूस असो की पीक, स्वतःचा कायमचा पत्ता द्यावा. तो वेबवर उघडता यावा. उघडल्यावर ठरलेल्या मानकांनुसार उपयोगाची माहिती मिळावी. आणि त्या माहितीतून इतर गोष्टींच्या पत्त्यांकडे दुवे जावेत. माहिती तीन-तीन तुकड्यांच्या विधानांत लिहितात: ‘मंगळवेढा’, ‘ज्या जिल्ह्यात आहे तो’, ‘सोलापूर’. या पद्धतीला आरडीएफ म्हणतात. अशी लाखो विधानं एकमेकांत गुंफली की त्यांना प्रश्न विचारता येतात, आणि ते प्रश्न स्पार्कल नावाच्या भाषेत लिहायचे असतात. २०१० मध्ये बर्नर्स-ली यांनी पाच ताऱ्यांची प्रतवारीही सुचवली. खुल्या परवान्याखाली नुसती स्कॅन केलेली पीडीएफ टाकली तरी एक तारा. आपला डेटा दुसऱ्यांच्या डेटाशी जोडला तर पाच.

यात ग्रंथालयं अगदी सुरुवातीपासून आहेत. स्वीडनची संयुक्त ग्रंथतालिका ‘लिब्रिस’ २००८ मध्येच लिंक्ड डेटा म्हणून खुली झाली. तेव्हा हे काम कॉम्प्युटरवाल्यांचं असं तुम्ही मानलंत, त्याला या विषयाच्या इतिहासातच आधार नाही.

आता जाहिरातीतल्या ‘वापरता येईल असा’ या शब्दांकडे वळू. असं पद काढावं का लागतं? कारण डेटा पुष्कळ ओतला गेला, तो वापरणारे तितके आले नाहीत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांसाठी खुली असलेली ४२७ स्पार्कल केंद्रं, म्हणजे स्पार्कलमधले प्रश्न घेऊन उत्तर देणारे वेबवरचे पत्ते, तपासली होती. आपल्याकडे नेमकं काय आहे याचं वर्णन त्यांतल्या फक्त एकतृतीयांश केंद्रांनी दिलं होतं. २७ महिने लक्ष ठेवल्यावर दिसलं, की महिन्यातला ९९ टक्के किंवा त्याहून जास्त वेळ चालू राहतील अशी केंद्रं जेमतेम ३२.२ टक्के होती. आणि केंद्र चालू असलं तरी प्रश्न विचारायला आत कोणते शब्द वापरलेत ते आधीच माहीत असावं लागतं. अनोळखी ग्रंथालयात पुस्तकाचा वर्गांक सांगितल्याशिवाय आतच सोडायचं नाही, असा हा प्रकार झाला. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचा पहिला नियम तुम्ही बी.लिब.ला पाठ केला असेल: ग्रंथ उपयोगासाठी आहेत. १९३१ मधला हा नियम आज डेटाला लावायचा आहे, आणि त्यासाठी त्या विद्यापीठाला माणूस हवा आहे.

हे सगळं दूर युरोपातलं वाटत असेल तर आपल्या जिल्ह्यात या. समजा, सांगोल्याच्या एका डाळिंब बागायतदाराला किंवा त्याच्या मुलाला बघायचं आहे, की गेल्या दहा वर्षांत आपल्या भागात पाऊस कसा पडला आणि त्या त्या वर्षी बाजारात डाळिंबाला भाव काय मिळाला. पाऊस महसूल मंडळानुसार नोंदलेला. भाव बाजार समितीनुसार, ‘अ‍ॅगमार्कनेट’ या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावर. गावांची माहिती जनगणनेत. तिन्ही गोष्टी सरकारने खुल्या केल्यात, पण एकमेकींना ओळखत नाहीत. कुठे सांगोला आहे, कुठे सांगोले. मंगळवेढा कुठे मंगळवेढे होतं. म्हणून नावं सोडून क्रमांक धरावेत, तर २००१ च्या जनगणनेत राज्यातल्या जिल्ह्यांत सोलापूरचा क्रमांक ३० होता आणि २०११ मध्ये देशभराची सलग यादी केल्यावर तो ५२६ झाला. शेजारी बघा: २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. जुन्या तक्त्यांत जुनी नावं, नव्यांत नवी. कॉम्प्युटर दोन नावांचे दोन जिल्हे धरतो आणि वर्षांची साखळी मधेच तुटते.

याच्या उलटी चूक जास्त घातक असते. सोलापूर शहर, सोलापूर जिल्हा, सोलापूर बाजार समिती आणि सोलापूर रेल्वे स्थानक या चार वेगळ्या गोष्टी आहेत. कोणी घाईत शहराला आणि जिल्ह्याला ‘हे दोन्ही एकच’ असा दुवा लावला, की २०११ च्या जनगणनेतली जिल्ह्याची सुमारे ४३ लाख लोकसंख्या शहराच्या नावावर चढते. शहर होतं साडेनऊ लाखांचं. त्या आकड्यावरून दरडोई पाणी काढलं की पुढचं सगळंच चुकतं. ही गफलत पटकन कोणाच्या लक्षात येईल? चांगला प्रोग्रामर असलेल्याच्याच येईल असं नाही. ज्याने अशा हजारो नोंदी हाताळल्यात त्याच्या येईल.

म्हणजे कोडिंग लागतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. स्पार्कल शिकावी लागेल, ती काही आठवड्यांत कामापुरती येते. थोडी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा लागेल, तिला जास्त वेळ जाईल. खरा प्रश्न ‘वापरता येणं’ म्हणजे त्या प्राध्यापकांच्या मनात काय आहे हा आहे. एखाद्या गटासाठी त्याचा अर्थ केंद्र न पडता वेगाने उत्तर देणं असतो. ते काम डेटाबेसच्या आतड्यात शिरण्याचं आहे, आणि तसं असेल तर हे पद तुमचं नाही, सरळ सोडून द्या. दुसऱ्या गटासाठी अर्थ असतो डेटाची गुणवत्ता तपासणं आणि त्याचं नीट वर्णन लिहिणं. तिसऱ्यासाठी, पत्रकार, शिक्षक, ग्रंथपाल, पालिकेतला कर्मचारी अशा लोकांसोबत बसून त्यांना काय विचारायचं असतं आणि ते कुठे अडतात याचा अभ्यास करणं. शेवटच्या दोन्हींत तुम्ही पहिल्या दिवसापासून कामाच्या आहात. जाहिरातीत ‘वापरकर्त्यांचा अभ्यास’, ‘मुलाखती’, ‘मेटाडेटा’, ‘शब्दसंग्रह’ असे शब्द आहेत की ‘क्वेरी इंजिन’, ‘वितरित प्रणाली’ असे, ते आज रात्री नीट बघा.

आणि प्राध्यापकांना ईमेल करा. आपल्याकडे आधी चौकशी केली तर आगाऊपणा वाटेल असं आपण समजतो. तिकडे पदाच्या जाहिरातीखाली संपर्क दिलेला असतो तो याचसाठी. आठ-दहा ओळी पुरेत. मी ग्रंथालयशास्त्रात अमुक विषयावर पीएच.डी. केली, प्रमाणित नावांच्या नोंदींचं काम केलं, प्रोग्रामिंग प्राथमिक आहे आणि शिकते आहे. या पदात वापरकर्त्यांबरोबरचं काम किती आणि सॉफ्टवेअर बांधणी किती? ‘प्रोग्रामिंग प्राथमिक आहे’ हे लपवू नका आणि त्याबद्दल माफीही मागू नका. आठवडाभरात काय उत्तर येतं, किती आपुलकीने येतं, यावरून दोन वर्षं ज्यांच्या हाताखाली काढायची त्या माणसाचाही अंदाज येईल.

तोपर्यंत एक छोटं काम करून बघा. ओपनरिफाईन नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, मोडकातोडका डेटा साफ करण्यासाठीचं. त्यात यादी टाकली की तिच्यातलं प्रत्येक नाव विकीडेटाशी पडताळून बघता येतं. विकीडेटा हा विकिपीडियाचा भावंड-प्रकल्प, २०१२ साली सुरू झालेला, आज दहा कोटींहून जास्त नोंदींचा. आधी जिल्ह्याचे अकरा तालुके टाका, देवनागरीत. मग तुमच्या ग्रंथालयातले शंभरेक मराठी लेखक. किती नावं आपोआप जुळतात, किती चुकीच्या माणसाला जाऊन चिकटतात, किती सापडतच नाहीत, ते लिहून ठेवा. आपलं शहर मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही बोलतं, तेव्हा एखाद्या ठिकाणाची त्या भाषांतली नावं आहेत का तेही बघा. विकीडेटात एका नोंदीला कितीही भाषांत नाव देता येतं, पण कोणीतरी ते भरावं लागतं. साखर पेठेतल्या तेलुगू बोलणाऱ्या आजोबांना आपल्या भाषेत विचारलेला प्रश्न चालला नाही, तर तो डेटा त्यांच्यापुरता बंदच आहे, ताऱ्यांची संख्या काहीही असो. वाचकांच्या नावांच्या, पत्त्यांच्या याद्या मात्र असल्या प्रयोगात कधीही टाकू नका.

एक-दोन शनिवार-रविवार यात गेले की दोन गोष्टी कळतील. हे करताना वेळ कसा गेला ते समजलं नाही, की कधी एकदा संपतं असं झालं, ही पहिली. आणि दुसरी, तुमच्या हातात दोन पानांचं टिपण असेल: मराठी नावं जुळवताना काय काय अडतं आणि का. ते अर्जासोबत जोडा. ‘मला या विषयात रस आहे’ असं लिहिणारे पुष्कळ असतात, स्वतःच्या भाषेतला डेटा घेऊन तो कुठे मोडतो ते दाखवणारे कमी.

मैत्रिणीचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी या विषयाभोवती जो उत्साह होता तो ओसरला, आणि आता बरंचसं काम ‘नॉलेज ग्राफ’, म्हणजे जोडलेल्या माहितीचं जाळं, या नावाने चालतं. गूगलने २०१२ मध्ये ते नाव रुळवलं. पण एआय आल्याने हे काम संपलं, असं मला दिसत नाही. चॅटबॉट सफाईदार उत्तर देतो. तो आकडा कुठून आला, शहराचा की जिल्ह्याचा, कोणत्या सालचा, हे तपासायला खाली कुठेतरी नीट जोडलेली, उगम सांगणारी माहिती असावी लागते. साध्या भाषेतल्या प्रश्नाचं स्पार्कलमध्ये रूपांतर एआयकडून करून घेण्याचे प्रयोगही चालू आहेत आणि ते चुकतात तेव्हा चूक पकडायला डेटा ओळखणारा माणूसच लागतो. तुमच्या संभाव्य प्रकल्पात याला किती जागा आहे, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. पुढच्या नोकरीसाठी ते महत्त्वाचं ठरेल.

आता दोन वर्षांनंतर काय, याबद्दल. इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. पोस्टडॉक ही पदवी नव्हे, मुदतीची नोकरी आहे, आणि तिच्या शेवटी कायम जागा ठेवलेली नसते. खुद्द जर्मनीत पीएच.डी.नंतर अशा मुदतीच्या करारांवर साधारण सहा वर्षंच ठेवता येतं असा कायदा आहे, आणि त्या मुदतीत पक्की जागा न मिळालेले तिथेही पुष्कळ आहेत. आपल्याकडचं गणित असं: यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना अध्यापन किंवा पोस्टडॉक अनुभवाला वर्षाला २ गुण आहेत, कमाल १०. म्हणजे दोन वर्षांचे ४. त्यासाठी कोणी सातासमुद्रापार जाऊ नये. शोधनिबंधांचे गुण वेगळे, ते तिथे वाढू शकतात.

पण ‘परत येऊन पुन्हा करारावरच’ या वाक्यात एक गृहीतक दडलं आहे: इथे थांबलं तर काहीतरी पक्कं आहे. ताई, तुम्ही आजही करारावरच आहात. जूनमध्ये सही होईल की नाही याची धाकधूक तुम्हाला दरवर्षी असतेच. तेव्हा दोन्हीकडे अनिश्चितताच आहे. एकीत पगार, नवं कौशल्य आणि जगभरच्या लोकांशी ओळख आहे, दुसरीत घर आणि ओळखीचं गाव. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. फक्त इथली बाजू सुरक्षित आहे असं समजून तोलू नका.

पैशांचं आधी स्पष्ट करून घ्या. जर्मनीत असे पगार बहुतेक टीव्ही-एल नावाच्या सार्वजनिक वेतनश्रेणीत असतात, पोस्टडॉकसाठी साधारणपणे तेरावी श्रेणी, आणि त्याचे तक्ते कोणालाही बघता येतात. विचारायचं ते असं: पद पूर्ण वेळेचं आहे की ६५ टक्क्यांचं? श्रेणीतल्या कोणत्या पायरीवर धरणार, आधीचा अनुभव मोजणार का? दोन वर्षांचा करार एकदम, की एक अधिक एक? शिकवावं लागेल का, आणि जर्मनमधून का? हातात येणारी रक्कम कर आणि विमा वजा जाऊन बरीच कमी असते, म्हणून एकूण आकडा रुपयांत गुणून आनंद मानू नका, तिथलं घरभाडं समोर ठेवा. एक चांगली बाब: सरकारी आरोग्य विम्यात कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. तुमचं विद्यापीठ आणि पदवी ‘अनाबिन’ या परदेशी विद्यापीठांच्या आणि पदव्यांच्या जर्मन यादीत कशी नोंदली आहे तेही आत्ताच बघून ठेवा, व्हिसाच्या वेळी लागतं.

जर्मनीची ही जागा हुकली तरी दारं बंद होत नाहीत. युरोपीय संघाच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला तुम्ही स्वतःचा विषय घेऊन अर्ज करू शकता. पीएच.डी.नंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपेक्षा जास्त नसावा आणि तुम्हाला घ्यायला तयार असलेलं विद्यापीठ आधी शोधावं लागतं. अर्ज साधारण सप्टेंबरात असतात. देशातल्या राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपची मुदतही दोन वर्षं, वयोमर्यादा ३५ आणि महिलांना पाच वर्षांची सवलत, पण ती विज्ञान-अभियांत्रिकीसाठी असल्याने तुमच्यापेक्षा संगणकशास्त्रातल्या वाचकांच्या जास्त उपयोगाची.

राहिलं घर. तुम्ही ‘स्वार्थीपणा’ हा शब्द वापरलात. सोलापुरातून पुण्याला, हैदराबादला, आखाती देशांत गेलेली किती माणसं तुमच्या ओळखीत असतील. घरातला पुरुष दोन वर्षांच्या कामासाठी गेला तर त्याला आपण हा शब्द लावत नाही, ‘घरासाठी गेला’ म्हणतो. यजमानांना ही जागा मिळाली असती तर तुम्ही त्यांना काय म्हणाला असता, एवढं एकदा स्वतःला विचारा.

आणि तुम्हीच लिहिलं आहे की घरात अजून बोललेला नाहीत. म्हणजे सासूबाईंचा नकार, यजमानांची अडचण, मुलीचं रडणं, हे सगळं सध्या तुमच्या मनातच चाललं आहे. कदाचित तसंच होईलही. पण त्यांनी उत्तर देण्याआधी त्यांच्या वतीने तुम्ही नाही म्हणून टाकणं त्यांच्यावरही अन्याय आहे. आधी यजमानांशी बोला, दोघंच असताना, जाहिरात समोर ठेवून. ‘मला जाऊ द्याल का’ असं विचारू नका. ‘मला हे करून बघावंसं वाटतंय, आपल्याला कसं जमेल’ असं विचारा. मग सासूबाईंशी. त्यांच्या औषधांची वेळ, तपासण्या, रात्री-अपरात्री काही झालं तर कोण धावेल, हे प्रश्न खरे आहेत, त्यांना उत्तर असो वा नसो. नणंद, दीर, शेजार, कोण काय उचलू शकेल हे नावं घेऊन ठरवा. नक्की उत्तर निघालं नाही, तर त्या कारणासाठी न जाण्यात काहीही कमीपणा नाही.

जाण्याचे मार्ग एकापेक्षा जास्त आहेत. तिघांनी जाणं हा एक. जोडीदाराला तिथे काम करायची परवानगी मिळते, पण हिशेबाच्या कामाला जर्मन लागेल, त्यामुळे यजमानांची कमाई पहिले काही महिने तरी बंद राहील असं धरून चाला. कारखान्यातली जागा त्यांना परत मिळेल का, तेही शेटजींशी स्पष्ट बोलावं लागेल. मुलीला तिथल्या सरकारी शाळेत फी नसते, शिक्षण जर्मनमधून असतं. या वयाची मुलं भाषा लवकर उचलतात, पण परत येईल तेव्हा ती पाचवीत असेल आणि दोन वर्षं मराठी लिहिलेलं नसेल. रोज घरी अर्धा तास मराठी वाचन-लेखन ठेवावंच लागेल. दुसरा मार्ग, तुम्ही आधी एकटीने जाणं आणि घर, शाळा लागल्यावर चार-सहा महिन्यांनी दोघांनी येणं. मला हा जास्त व्यवहार्य वाटतो. पूर्ण दोन वर्षं एकटीने काढणं मी शेवटी ठेवीन. अशक्य म्हणून नव्हे, आठ वर्षांच्या मुलीपासून इतका काळ लांब राहण्याचा भार परदेशातल्या नव्या कामाच्या भाराशी मिळून फार होतो म्हणून. काही महिने सोलापुरातून काम करता येईल का, हे विचारून बघा. कर आणि विम्याच्या नियमांमुळे बरीच विद्यापीठं नाही म्हणतात, पण विचारायला हरकत नाही.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते: अर्ज करा. अर्ज म्हणजे जाणं नव्हे. निवड झालीच तर हो-नाही ठरवायला तेव्हा थोडा वेळ मागता येतो, आणि त्या वेळी तुमच्याकडे आजच्या अंदाजांऐवजी पगाराचा आकडा, कराराची मुदत आणि घरच्यांचे शब्द असतील. अपवाद एकच. ईमेलच्या उत्तरावरून काम निव्वळ यंत्रणा बांधण्याचं निघालं, तर यावेळी थांबा, ते दोन पानांचं टिपण वाढवून एखादा शोधनिबंध करा आणि पुढच्या जागेची वाट बघा. तो निबंध इथल्या मुलाखतीतही चालेल.

पाच आठवड्यांत सगळ्यात जास्त वेळ खातात ती शिफारसपत्रं. गाईडना उद्याच फोन करा, त्यांनीच जाहिरात पाठवली आहे म्हणजे ते तयार आहेत असं धरू नका, तारीख सांगून विचारा. दुसरं पत्र तुमच्या प्रबंधाच्या बाहेरच्या परीक्षकांकडून मिळालं तर उत्तम. दोघांना तुमचं टिपण आणि जाहिरात दोन्ही पाठवा, म्हणजे ‘कष्टाळू व नम्र उमेदवार’ एवढंच न लिहिता तुम्ही नोंदींचं काय काम केलं आहे ते लिहितील. आणि पासपोर्ट, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला काढून तिन्हींवर तुमच्या नावाचं स्पेलिंग एकच आहे का बघा. नसेल तर दुरुस्तीला महापालिकेत जे हेलपाटे घालावे लागतील ते आत्ताच सुरू करा, निवड होवो न होवो, कधीतरी लागणारच आहेत.